नागपुरात घर बांधताय? भेगा पडण्याआधी या चुका टाळा

आमचं घर बेसाकडच्या एका ले-आउटात आहे. दिवाळीत वास्तुपूजन झालं आणि पुढच्याच मे महिन्यात मागच्या खोलीच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग निघाली. तिरपी, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या उतरल्यासारखी खाली गेलेली. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बोट फिरवलं आणि म्हणाला, “काही नाही होत जी ताई, छपाईची आहे. पुट्टी मारून देतो.” पुट्टी झाली, रंग झाला. ऑगस्टात भेग मिटल्यासारखी वाटली. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच जागी, आधीपेक्षा रुंद होऊन, परत उघडली.

मग एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी आणलं. ते आधी खोलीत शिरलेच नाहीत. घराला बाहेरून एक चक्कर मारली, कूलरखालची ओली माती पायानं दाबून पाहिली, दुसऱ्या बाजूच्या कोरड्या मातीतल्या भेगेत काडी घालून पाहिली. त्यांची काडी वीतभर आत गेली. मग विचारलं, “पाया किती फूट आहे?”

“चार फूट. शेजाऱ्यांचा चार होता म्हणून.”

त्या दिवसापासून घर बांधणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला मी एकच सांगते. आपल्याकडे पाणी जिथे पाहिजे तिथे आपण देत नाही आणि जिथे नको तिथे सोडून देतो. सिमेंट तहानलेलं राहतं आणि पायाखालची माती एकाच कोपऱ्यातून पाणी पिते. नागपूरच्या घरांची निम्मी दुखणी इथूनच सुरू होतात, असं माझं ठाम मत झालं आहे.

शेजाऱ्याचा पाया पाहून आपला पाया ठरवणे

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी धरून फुगतं आणि वाळलं की आकसतं. पावसाळ्यात ही माती घराला खालून वर रेटते आणि मे महिन्यात त्याच्याखालून सरकते. सगळं घर एकसारखं वरखाली झालं असतं तर फारसं बिघडलं नसतं. एक कोपरा ओला आणि दुसरा कोरडा राहिला की भिंत तिरपी फाटते. आमच्याकडे नेमकं हेच झालं. कूलरचं पाणी सांडायचं ती बाजू भर उन्हाळ्यातही फुगलेली, आणि पलीकडची बाजू आकसलेली.

नागपूरची जमीन सगळीकडे सारखीही नाही. पश्चिमेकडे दख्खनचा काळा पाषाण आणि पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना, नाइस नावाचा खडक, हे दोन्ही याच शहरात एकमेकांना भेटतात. वर कुठे मुरूम, कुठे काळी माती, कुठे नाल्याकाठचा गाळ. त्यामुळे एका प्लॉटवर तीन फुटांवर मुरूम लागतो आणि चार घरं सोडून दहा फुटांवरही लागत नाही.

म्हणून नकाशा काढायच्या आधी प्लॉटच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घ्या. जेसीबी आलेलाच असतो, तासाभराचं काम आहे. सबल मारल्यावर ठणका बसेल असा कडक मुरूम लागेपर्यंत खाली जा आणि खड्ड्याचा फोटो मोजपट्टीसह इंजिनिअरला पाठवा. मुरूम फार खोल असेल तर अंडररीम पाइल करावे लागतात. हे पाइल म्हणजे जमिनीत खोल गेलेले काँक्रीटचे खांब, खाली कंदासारखे फुगीर असतात, त्यामुळे वरची माती फुगली तरी घर जागचं हलत नाही. अशा वेळी पाइलवरच्या बीमच्या पोटाखाली तीनेक इंच पोकळी ठेवतात, म्हणजे फुगणाऱ्या मातीला जागा मिळते. ठेकेदार ही पोकळी बुजवून टाकतात, कारण त्यांना तो निष्काळजीपणा वाटतो. तिथे स्वतः उभं राहा.

आणि खोदकामातून निघालेली काळी माती पुन्हा प्लिंथमध्ये, म्हणजे घराच्या जोत्यात, भरू देऊ नका. ट्रॅक्टरचे पैसे वाचतात खरे, पण दोन पावसाळ्यांत फरशी कुठे फुगते, कुठे पोकळ वाजते. मुरूमच भरा. सहा ते नऊ इंचांचा थर टाका, पाणी मारा, धुम्मस करा आणि मगच पुढचा थर.

रस्त्याकडे न पाहता प्लिंथ ठरवणे

गेल्या काही वर्षांत नागपुरात सिमेंटचे रस्ते झाले आणि कित्येक जुन्या घरांचं अंगण रस्त्याच्या खाली गेलं. आधी दोन पायऱ्या चढून घरात जायचे, ते आता रस्त्यावरून उतरून जातात. तुमच्यासमोर आज डांबर असेल तर उद्या तिथे सिमेंट येईल असं धरूनच उंची ठेवा. आम्ही तीन फूट ठेवली. बाकी बऱ्याच गोष्टी चुकल्या, पण ही बरोबर जमली.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत शिरलं. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला होता. नदीनाल्याजवळ प्लॉट असेल तर वीज मीटर, इन्व्हर्टर आणि पाण्याची मोटर जमिनीपासून चांगली वर बसवा. जमिनीखालच्या टाकीचं झाकणही आजूबाजूच्या अंगणापेक्षा उंच हवं, नाहीतर रस्त्याचं पाणी सरळ पिण्याच्या पाण्यात जातं.

मे महिन्यात दुपारी स्लॅब

ही चूक मला सगळ्यात जास्त डाचते, कारण ती टाळायला एक पैसाही लागत नाही.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, वरून लू वाहते. अशा हवेत सकाळी अकराला स्लॅब टाकला की वरचं पाणी उडून जातं आणि काँक्रीट घट्ट होण्याआधीच त्यावर बारीक भेगा पडतात. मग मजूर माल पातळ करायला मिक्सरमध्ये पाइप सोडतात. माल सरसर पसरतो, सगळे खूश होतात आणि स्लॅबची ताकद तिथेच जाते. १ : १॥ : ३ (सिमेंट, रेती, गिट्टी) या प्रमाणाच्या मालात ५० किलोच्या एका पोत्याला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी चालतं. रेती ओली असेल तर त्याहून कमी. मी स्लॅबच्या दिवशी मापाच्या बादल्या घेऊन मिक्सरजवळ बसले होते. मजुरांना आवडलं नाही, पण पाइप परत मिक्सरकडे आला नाही.

उन्हाळ्यात टाकायचाच असेल तर काम संध्याकाळी सुरू करा आणि हॅलोजन लावून रात्री संपवा. गिट्टीवर आदल्या दिवशी पाणी मारून ती सावलीत ठेवा, सेंट्रिंगच्या पाट्या आणि सळाख थंड करून घ्या. वरचा थर जरा आवळला की ओली पोती अंथरा. दुसऱ्या दिवशी सिमेंटच्या छोट्या पाळी बांधून वाफे करा आणि त्यात पाणी साचवून ठेवा.

तराई, म्हणजे काँक्रीट पाण्यानं ओलं ठेवणं, किती दिवस? काँक्रीटच्या भारतीय मानक ४५६ मध्ये साध्या सिमेंटला निदान सात दिवस सांगितले आहेत, पण उष्ण आणि कोरड्या हवेत दहा. पोत्यावर पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं पोझोलाना सिमेंट) लिहिलेलं असेल तर चौदा दिवस धरा. घरबांधणीला बाजारात बहुतेक हेच सिमेंट मिळतं. स्लॅबला सगळे पाणी मारतात, कॉलमला मात्र कोणी विचारत नाही. सकाळी एकदा पाइप फिरवला की तासाभरात कॉलम वाळतो. त्याला पोतं गुंडाळून सुतळीनं बांधा आणि ते पोतं ओलं ठेवा. सारं घर ज्यावर उभं राहणार त्याचीच तराई सगळ्यात कमी होते, हे पाहून मला फार वाईट वाटायचं.

सेंट्रिंग काढायची घाई ठेकेदाराला असते, कारण पाट्यांचं भाडं चालू असतं. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू निदान सात दिवस, त्याहून मोठ्याचे चौदा दिवस राहू द्या. सहा मीटरपर्यंतच्या बीमखाली चौदा, पुढे एकवीस. पीपीसी असेल तर आणखी थांबा. ठेका ठरवताना हे लिहून घेतलं तर नंतर भांडण होत नाही.

सळाखीखाली गिट्टीचा तुकडा न सरकवता सिमेंटचे कव्हर ब्लॉक लावा. कव्हर म्हणजे सळाखीबाहेरचा काँक्रीटचा थर: स्लॅबला २० मिलिमीटर, कॉलमला ४०, पायाला ५०. कव्हर कमी पडलं की पुढे ओलाव्यानं सळाख गंजते, फुगते आणि सिमेंटचे पापुद्रे पाडते.

कूलरची जागा नंतर शोधणे

नागपुरात घराचा नकाशा काढताना पलंग, टीव्ही, देवघर सगळं ठरतं आणि कूलर राहून जातो. मग गृहप्रवेशानंतरच्या पहिल्या एप्रिलमध्ये खिडकीच्या जाळीला लोखंडी स्टँड वेल्ड होतो, किंवा वरच्या मजल्यावर छज्ज्यावर कूलर चढतो. छज्जा पावसासाठी आणि उन्हासाठी बांधलेला असतो. भरलेल्या टाकीचा कूलर आणि पाणी भरायला उतरलेला माणूस असं वजन त्याच्या हिशेबात नसतं.

ज्या खोल्यांत कूलर लागणार त्या आधीच ठरवा. खिडकीबाहेर सिमेंटचा ओटा किंवा इंजिनिअरनं हिशेब केलेला वेगळा स्लॅब ठेवा, शक्यतो उत्तरेला किंवा पूर्वेला. तिथे बॉल कॉकसाठी नळाचा पॉइंट द्या. टाकी धुताना निघणाऱ्या पाण्यासाठी पाइप द्या आणि तो गटाराच्या लाइनला जोडा. आमची भेग याच एका पाइपच्या अभावानं वाढली. कूलरची हवा बाहेर पडायला समोरच्या भिंतीत वर झरोका हवा, नाहीतर खोली गार न होता नुसती दमट होते.

कूलरच्या पॉइंटला अर्थिंग हवंच, आणि मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. कूलरचा करंट लागून माणूस गेल्याची बातमी दर उन्हाळ्यात वाचावी लागते. ओल्या हातानं टाकी भरणारी बहुतेक वेळा घरातली बाई किंवा लेकरू असतं. इथे काटकसर करूच नका.

गच्ची

वॉटरप्रूफिंग झाल्यावर ४८ तास पाणी साचवून खालून छत पाहा, मगच ठेकेदाराचा हिशेब पूर्ण करा. उतार शंभरास एक ठेवा. वर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोझॅक केलं तर खालची खोली उन्हाळ्यात जरा सुसह्य होते.

सोलर लावायचा विचार असेल तर आत्ताच ठरवा. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,०००, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे, त्यामुळे आज ना उद्या तुम्ही तिकडे वळणारच. वॉटरप्रूफिंग झाल्यावर कोणी स्लॅबला भोकं पाडून बोल्ट ठोकले तर पहिल्याच पावसात छत गळतं. वॉटरप्रूफिंगच्या आधीच सिमेंटचे छोटे चौथरे करून ठेवा आणि प्लेटांचा सांगाडा त्यांच्यावर बसवायला सांगा.

जुनं घर पाडता पाडता

महाल, इतवारीतली जुनी घरं बहुतेक भिंतींवर उभी आहेत. विटा मातीत जोडलेल्या, वर सागवानी म्याली (तुळया) आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत. हॉल मोठा करायला मधली भिंत काढली की वरच्या मजल्याचा आधारच जातो, आणि शेजारचं घरही हलतं. अशा घरात एक वीट काढण्याआधी इंजिनिअर आणि शेजारी या दोघांशी बोला. सांदवाडीतली, म्हणजे घरांमधल्या बोळातली, गटाराची लाइन कुठून जाते तेही आधी उकरून पाहा.

कागदांबद्दल थोडंच सांगते. प्लॉट महापालिकेकडे, सुधार प्रन्यासकडे की एनएमआरडीएकडे (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) येतो ते आधी विचारा. आखीव पत्रिका (शहरी जमिनीचा उतारा) किंवा सातबारा, गुंठेवारीचा प्लॉट असेल तर आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) आणि मंजूर नकाशा हातात आल्याशिवाय पायाचा खड्डा घेऊ नका. बँकेच्या कर्जाचंही इथेच अडतं.

भेग पडलीच असेल तर

आधी तिचं रूप पाहा. छपाईवर जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील तर तराई कमी पडली आहे, घराला धोका नाही. बीम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावर सरळ आडवी किंवा कॉलमशेजारी उभी भेग असेल तर तिथे छपाईआधी कोंबडी जाळी मारली नव्हती. पट्टा खरवडून जाळी लावा आणि पुन्हा छपाई करा. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग मात्र खालच्या मातीची असते. तिला पुट्टी मारणं म्हणजे पैसे पाण्यात.

भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरनं चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. वर्षभर पाहा. दरम्यान घराभोवती तीन फूट रुंद सिमेंटचा पट्टा बाहेर उतार देऊन करा, गच्चीचे पाइप भिंतीच्या बुडाशी न सोडता गटारापर्यंत न्या, शोषखड्डा पायापासून लांब हलवा. भिंतीला लागून पिंपळ, वड उगवले असतील तर ते लहान असतानाच काढा. काच फुटली आणि भेगेत नाणं जाऊ लागलं तर इंजिनिअरला बोलावायला एक आठवडाही घालवू नका.

आमच्याकडे हा सगळा खटाटोप एका हिवाळ्यात केला. दोन उन्हाळे काच शाबूत राहिली. तिसऱ्या मे महिन्यात ती केसाएवढी तडकली. शोधल्यावर बाथरूममागचा जमिनीतला पाइप सांध्यातून झिरपत असलेला सापडला. तो बदलला, नवी काच लावली आणि तिच्याशेजारी नवी तारीख लिहिली.