ऑगस्टमध्ये जोडलं, एप्रिलमध्ये तडकलं: सुतारकामातल्या या चुका टाळा

ऐन पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, मी घरासाठी जेवणाचं टेबल केलं. नागपूरच्या लाकूडबाजारातून, लकडगंजातून आणलेलं सागवान, तीन फूट रुंद टॉप, खाली चौकट. टॉप चौकटीवर फेविकॉल लावून बसवला, खालून आठ स्क्रू आवळले आणि आता हा जन्मभर हलत नाही म्हणून खूश झालो. पुढच्या एप्रिलमध्ये एका रात्री बैठकीतून ‘कट्ट’ असा आवाज आला. बायकोला वाटलं, मांजर शिरली. सकाळी पाहतो तर टॉपमध्ये पोस्टकार्ड आत जाईल एवढी चीर. जोड मात्र शाबूत होता, शेजारची फळी फाटली होती.

लकडगंजातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना फोटो दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि एवढंच विचारलं, “काऊन जी भाऊ, लाकूड बांधून टाकलं का?”

बांधूनच टाकलं होतं. नागपूरची हवा मे महिन्याच्या दुपारी इतकी कोरडी होते की आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास येते, आणि पाऊस लागला की तीच 80 च्या पुढे जाते. लाकूड त्या हवेतला ओलावा घेत-सोडत राहतं, मग ते कालचं असो की आजोबांच्या वेळचं. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही, रुंदीत पडतो. ओंडका थराथराने चिरून काढलेल्या साध्या सागवानी फळीचा हिशेब असा: लाकडातला ओलावा 1 टक्का बदलला की रुंदी साधारण 0.18 टक्के बदलते. 900 मिलिमीटरचा टॉप आणि ओलाव्यात फक्त 4 टक्क्यांचा फरक धरला तरी साडेसहा मिलिमीटर होतात. मिस्त्रींच्या भाषेत दोन सूत. आता आठ स्क्रू आणि फेविकॉलने जखडलेल्या फळीने हे दोन सूत आणायचे कुठून? ती फाटणारच. आणि सागवान हे कमी हलणाऱ्या लाकडांत गणलं जातं, हे लक्षात घ्या.

म्हणून टॉपला कधीही चौकटीशी चिकटवू नका. मधला स्क्रू घट्ट चालतो. कडेच्या स्क्रूंसाठी चौकटीत गोल भोकाऐवजी लांबट भोक पाडा, लांबी टॉपच्या रुंदीच्या दिशेने, आणि स्क्रूखाली वॉशर टाका. त्याहून बरं म्हणजे चौकटीला आतून खाच मारून त्यात अडकणारे लाकडी गुटके टॉपला खालून स्क्रूने लावायचे. टॉप दबून राहतो, पण सरकू शकतो. पॅनेलच्या दरवाजाचंही असंच आहे: मधलं पॅनेल खाचेत मोकळं बसलं पाहिजे. त्या खाचेत फेविकॉल घालणारा कारागीर दिसला तर हात धरा.

चीर पडलीच असेल तर एप्रिल-मेमध्ये ती लांबीने (म्हणजे पुट्टीने) किंवा भुसा-फेविकॉलने बुजवू नका. पावसाळ्यात फळी फुगते, बुजवलेला भाग तिला मिटू देत नाही आणि नवीन ठिकाणी ताण येतो. आधी बंधन सोडवा. मी स्क्रू काढले, हॉट एअर गनने फेविकॉल मऊ केला, पातळ पटाशी घालून टॉप उचलला, चिरेवरूनच तो उभा कापला, रंधा मारला आणि पुन्हा जोडला. रुंदी थोडी गेली, टेबल वाचलं.

दरवाजाची तऱ्हा उलटी. पावसाळ्यात दार अडकतं, आपण चिडून मिस्त्री बोलावतो, तो सूतभर रंधा मारून जातो आणि मार्चमध्ये फटीतून शेजाऱ्याचा टीव्ही दिसतो. अडकणाऱ्या दाराची वरची आणि खालची कड आधी तपासा. मोबाइलचा कॅमेरा वर धरून फोटो काढला की कळतं: तिथे बहुतेक वेळा रंगाचा हातच नसतो, कारण रंगाऱ्याला ती कड दिसत नाही. उभ्या लाकडांची कापलेली तोंडं तिथेच उघडी असतात आणि पाणी सर्वात भराभर त्या तोंडांतूनच आत जातं. उन्हाळ्यात दार बिजागऱ्यांवरून उतरवा आणि चारही कडांना सीलर किंवा रंगाचे दोन हात द्या. तरीही पुढच्या पावसात अडकलं तर रंधा मारा, तोही जिथे घासल्याची खूण आहे तिथेच, आणि मोकळ्या झालेल्या लाकडावर लगेच रंग.

कूलरसमोर लाकडी कपाट ठेवणारी घरंही इथे कमी नाहीत. भर मे महिन्यात त्या कपाटाचं एक अंग ओलं, दुसरं कोरडं. पल्ला वाकडा झाला की दोष बिजागरीला! कपाट हलवा किंवा कूलरचं तोंड फिरवा.

लाकूड घेताना पिवळट-पांढरा पट्टा आहे का ते बघा. तो सागवानाचा बाहेरचा भाग, त्याला घुण लागते. “मागच्या बाजूला लावू, दिसत नाही,” असं दुकानदार म्हणेल. घुणीला दिसतं. आणलेल्या फळ्या सावलीत, एकीवर एक, मध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या घालून रचा. त्यातल्या एका तुकड्याचं वजन दर तीन दिवसांनी किचनच्या काट्यावर घ्या. वजन बदलायचं थांबलं की लाकूड घरच्या हवेला आलं.

कुसू-भोकाच्या सांध्यात एका लाकडाची जीभ, म्हणजे कुसू, दुसऱ्याच्या भोकात बसते. त्यात दोन टोकाच्या चुका दिसतात. कुसू इतका घट्ट की हातोडीने ठोकावा लागतो आणि भोकाची बाजू फाटते. नाहीतर इतका सैल की सगळा भार फेविकॉलवर. कुसू जाडीच्या एक तृतीयांश ठेवा. हाताने अर्धा आत जावा, उरलेला मोगरीच्या दोन-चार टोल्यांनी, आणि जोडलेला तुकडा उचलला तर तो आपोआप गळून पडू नये. भोक कुसवापेक्षा दोनेक मिलिमीटर खोल, नाहीतर तळाशी साचलेला फेविकॉल सांधा पूर्ण बसूच देत नाही. चाळीस अंशांच्या दुपारी तर चिकटवायला बसूच नका, फेविकॉलवर साय धरेपर्यंत क्लॅम्प सापडत नाही. सकाळी सात वाजता, आधी कोरडी जोडणी करून, क्लॅम्प हाताशी ठेवून. सागवान तेलकट असतं, म्हणून जोडायची बाजू त्याच दिवशी ताजी रंधलेली हवी.

सागवानात वाळूतली सिलिका असते, त्यामुळे रंध्याचं पातं लवकर बोथट होतं. ढलप्या सुटायच्या बंद होऊन भुसा पडायला लागला की थांबा आणि दगडावर धार लावा. मशीनवर घाईने धार लावताना पात्याचं टोक निळं पडलं तर तेवढं पोलाद मेलं. ते घासून काढावंच लागतं. दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवा.

मोजमापाच्या टेपचं हुक हलतं म्हणून काही जण त्याचे रिव्हेट ठोकून घट्ट करतात. माझ्याही धाकट्या भावाने केलं. ते हुक स्वतःच्या जाडीएवढंच हलतं, म्हणजे आत टेकवून आणि बाहेर अडकवून दोन्ही मापं बरोबर यावीत. गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं साधन, खरा आहे का, हेही तपासता येतं: सरळ कडेवरून रेघ मारा, गुण्या उलटा करून तिथूनच दुसरी मारा. रेघा फाकल्या तर फाकेच्या निम्मी चूक गुण्यात आहे.

आणि उन्हाळ्यात डोक्याला बांधलेला दुपट्टा. ड्रिल किंवा राउटर (लाकडात खाच मारायची मशीन) चालवताना त्याचं टोक खांद्यावर लोंबू देऊ नका, काढूनच ठेवा. अँगल ग्राइंडरला लाकूड कापायची दातेरी चकती लावायची पद्धत वर्कशॉपमध्ये सर्रास दिसते. गाठीत अडकली की ती मशीन हातातून उसळते. त्या कामाला सर्क्युलर सॉ आहे.