दीर्घ अंतराळमोहिमेची दिनचर्या कशी आखावी

अंतराळवीरांचे वेळापत्रक आखताना आधी झोपेचे तास निश्चित करावेत आणि मगच प्रयोग, दुरुस्ती व व्यायाम यांची मांडणी करावी. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ९० मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करते. दिवसाकाठी १६ सूर्योदय होत असल्याने तेथे शरीराला बाहेरच्या उजेडावरून वेळ उमगत नाही. साडेआठ तास राखून ठेवूनही तेथील अंतराळवीरांची झोप सरासरी सहा तासांच्या आसपासच भरल्याचे आढळले आहे. त्यामुळे निजण्याची वेळ वारंवार सरकवू नये, आणि एखाद्या यानाच्या आगमनामुळे ती सरकवावी लागलीच, तर काही दिवस आधीपासून थोडी थोडी बदलत न्यावी. आपली एकाग्रता किती घटली आहे, हे थकलेल्या माणसाला स्वतःला नीट उमगत नाही. म्हणून त्याच्या ‘मी ठीक आहे’ या उत्तरावर न विसंबता प्रतिसादाचा वेग मोजणारी छोटी चाचणी नियमितपणे घ्यावी.

कामाचा भार ठरवताना स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावरील शेवटच्या मोहिमेचा अभ्यास अवश्य करावा. नोव्हेंबर १९७३ मध्ये जेराल्ड कार, एडवर्ड गिब्सन आणि विल्यम पोग हे तिघे ८४ दिवसांच्या मुक्कामासाठी गेले. तिघांचेही ते पहिलेच उड्डाण होते, तरी आधीच्या पथकाने सरावानंतर गाठलेल्या वेगाची अपेक्षा त्यांच्याकडून सुरुवातीपासूनच करण्यात आली आणि कामे मागे पडत गेली. डिसेंबरच्या अखेरीस भूनियंत्रण कक्षाशी मोकळेपणाने बोलणे झाले, किरकोळ कामांना ठरावीक वेळेचे बंधन उरले नाही आणि कामाची गती वाढली. कामे मागे पडण्याच्या या घटनेला पुष्कळदा अंतराळवीरांचा ‘संप’ म्हटले जाते, पण तसे म्हणणे मला त्या तिघांवर अन्यायकारक वाटते, कारण दोष आखणीत होता. पहिले काही आठवडे भार मुद्दाम हलका ठेवावा आणि नित्याच्या कामांचा क्रम पथकालाच ठरवू द्यावा.

पथकातील ताण पुष्कळदा भूनियंत्रण कक्षावरील रागाच्या रूपाने बाहेर पडतो. अशा वेळी वाद न घालता पथकात आपसांत काही बिनसले आहे का, याची विचारपूस मानसशास्त्रज्ञाने खासगी संभाषणात करावी. मंगळाच्या वाटेवर मात्र संदेश एका दिशेने पोहोचण्यासच वीसहून अधिक मिनिटे लागू शकतात, तेव्हा असा संवाद शक्य नसतो. त्यामुळे मतभेद आपसांत मिटवण्याचा सराव आणि निर्णयाचे अधिकार पथकाला उड्डाणापूर्वीच द्यावेत, आणि तो सरावही संदेशांना तितकाच विलंब लावून घ्यावा.