तीनचाकी बाईकला छोटी ट्रॉली जोडताना

कापूस वेचणीच्या दिवसात तीनचाकी बाईकमागं छोटी ट्रॉली लय कामाची, पण आधी आरटीओची परवानगी बघा भाऊ, हुक परस्पर वेल्डिंग करून घेऊ नका.

खरा खेळ वजनाचा. एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के भार हुकवर यायला पाहिजे, म्हणजे भरलेली ट्रॉली 100 किलोची असंल तं दांड्याचं टोक हुकच्याच उंचीला धरून काट्यावर टेका, 10 ते 15 किलो दिसले की झालं. जड गाठोडी चाकाच्या जरा पुढं, मागं वजन गेलं की ट्रॉली शेपटीसारखी डोलते अन् बाईकलेही ओढत नेते. डोलायला लागली तं ब्रेक दाबू नका, हळूहळू रेस सोडा.

दांड्याखालून दोन साखळ्या एकमेकीला क्रॉस करून लावा, हुक निसटला तरी दांडा डांबरावर न पडता साखळीत अडकतो, पण वळणापुरती ढील ठेवा. ब्रेकलाइट, इंडिकेटर मागं पेटतात का ते कुणाला तरी उभं करून बघाच, रस्त्यावर अंधारात ट्रॅक्टर मागून येतात. थांबायला अंतर जास्त लागते म्हणून ब्रेक लवकर धरा. पाऊस पडल्यावर काळ्या मातीच्या पांदणीत नेऊच नका. रिव्हर्स घेताना ट्रॉली हँडलच्या उलट्या बाजूला वळते, त्यापेक्षा हुक काढून हातानं ढकला.