कंपनीसोबत सर्वसमावेशक डिझाइनचे संशोधन कसे करावे

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये १९९१ साली 'डिझाइनएज' या नावाने सुरू झालेल्या कामातून पुढे १९९९ मध्ये हेलन हॅम्लिन केंद्र उभे राहिले आणि नुकती पदवी घेतलेल्या डिझाइनरला वर्षभर एका उद्योगासोबत संशोधन करायला देण्याची तिथली पद्धत रुजली. सर्वसमावेशक डिझाइन म्हणजे वय किंवा शारीरिक अडचण काहीही असो, शक्य तितक्या लोकांना वापरता येईल असे डिझाइन. कंपनीसोबत त्याचे असे संशोधन प्रथमच हाती घेणाऱ्यांसाठी ही काही पथ्ये आहेत.

कंपनीची मागणी बहुधा वस्तूच्या नावाने येते. 'ज्येष्ठ ग्राहकांसाठी विजेवर चालणारे हत्यार हवे' असे सांगितले गेले, तर लगेच रेखाटायला बसू नये. हत्यार नेमके कोणत्या क्षणी जड होते, हे आधी शोधावे. ब्रिटनमधील 'बी अँड क्यू' या दुकानसाखळीसोबत झालेल्या अशाच कामातून 'सँडबग' हे लाकूड घासण्याचे छोटे यंत्र निघाले. ते पट्ट्याने तळहाताला बसते, त्यामुळे सतत घट्ट पकडण्याची गरज कमी होते. संधिवाताने बोटे आखडलेल्यांची अडचण त्यातून सुटते आणि धडधाकट माणसाचा हातही कमी शिणतो, म्हणूनच अशी वस्तू 'अपंगांसाठी' अशी चिठ्ठी न लावता सर्वांना विकता येते.

बौद्धिक संपदा कोणाची आणि निष्कर्ष प्रसिद्ध करता येतील का, हे पहिल्याच महिन्यात लेखी ठरवून घ्यावे.

सर्वाधिक वेळ माणसांना द्यावा. सरासरी ग्राहक शोधत बसण्यापेक्षा ज्यांना वस्तू वापरताना सर्वांत जास्त त्रास होतो अशी आठ-दहा माणसे निवडावीत: अधू दृष्टीची, एकाच हाताने काम करणारी, थरथरत्या हातांची, आणि एखादा डावखुराही. त्यांना कार्यालयात बोलावण्याऐवजी त्यांच्या घरी जावे, कारण झाकणाला गुंडाळलेले रबर किंवा नळ फिरवण्यासाठी ओट्यावर ठेवलेली पक्कड या गोष्टी मुलाखतीत कोणी सांगत नाही. त्या इतक्या सवयीच्या झालेल्या असतात की सांगण्यासारख्या वाटतच नाहीत. संमतीपत्र मोठ्या अक्षरांत असावे, गरज पडल्यास वाचून दाखवावे, आणि दिलेल्या वेळेचे मानधन जरूर द्यावे. जाड हातमोजे व धूसर चष्मा घालून म्हातारपण 'अनुभवण्याची' युक्ती कंपनीतील मंडळींना जागे करायला बरी आहे, पण तिला पुरावा मानणे मला पटत नाही.

पहिले नमुने पुठ्ठ्याचे किंवा फोमचेच ठेवावेत. चकचकीत नमुन्याला नावे ठेवायला लोक संकोचतात, विशेषतः तो करणारा समोर बसलेला असेल तर.

घरभेटींना कंपनीतील अभियंत्याला आणि शक्य असल्यास खर्चाचा हिशेब पाहणाऱ्यालाही सोबत न्यावे. एखाद्या आजींची बटण दाबताना होणारी धडपड त्यांनी स्वतः पाहिली, की अहवालाची पन्नास पाने वाचूनही न पटणारी गोष्ट पटते. 'हा छोटा बाजार आहे' असा आक्षेप आल्यास २००५ च्या बीएस ७०००-६ या ब्रिटिश मानकातील व्याख्या पुढे करावी. सर्वसमावेशक डिझाइन म्हणजे नेहमीच्याच वस्तू व सेवा, खास बदल न करता, शक्य तितक्या जास्त लोकांना वापरता येतील अशा घडवणे, असा तिचा आशय आहे.

शेवटचा महिना हस्तांतरणासाठी राखून ठेवावा. आराखड्यांबरोबर फसलेले नमुने आणि ते का फसले याच्या नोंदीही द्याव्यात, आणि त्या कंपनीतील एका ठरावीक व्यक्तीच्या ताब्यात जातील हे पाहावे.