एच६१ बोर्डाच्या जुन्या डेस्कटॉपला कोणता प्रोसेसर घ्यावा?

नागपुरात बर्डीच्या बाजारात जाऊन ‘आय-सेव्हन दाखवा’ म्हणण्याआधी मदरबोर्डाचं मॉडेल बघा. सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडलं की ‘मेनबोर्ड’ टॅबमध्ये मॉडेल, चिपसेट (कोणता प्रोसेसर चालेल ते ठरवणारी बोर्डावरची चिप) आणि बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डातच असलेल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती दिसते. २०११-१२ च्या सुमाराच्या पुष्कळ डेस्कटॉपांत एच६१ चिपसेट निघतो. त्याचं सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) एलजीए ११५५, म्हणजे इंटेलची दुसरी (आय५-२४०० सारखे २००० चे नंबर) आणि तिसरी (आय५-३४७० सारखे ३००० चे) पिढी, बस. चौथ्या पिढीचा ११५० वाला प्रोसेसर दिसायला तसाच, पण त्याच्या खाचा वेगळ्या जागी असतात. दाबून बसवायला गेलात तर सॉकेटच्या पिना वाकतात.

मशीन अजून हार्ड डिस्कवर चालत असेल तर पहिला खर्च एसएसडीवर करा. आणि विंडोज ११ च्या आशेने प्रोसेसर घेणार असाल तर थांबा. या दोन्ही पिढ्या त्याच्या यादीत नाहीत.

तिसऱ्या पिढीचं घोडं अडतं ते बायोसपाशी. बोर्ड कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी असते; त्यात प्रत्येक प्रोसेसरपुढे किमान कोणतं बायोस हवं ते दिलेलं असतं. अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करा. नव्यावर मशीन चालूच झालं नाही, तर अपडेट करणार कसं? मध्येच वीज गेली तर बोर्ड हातचा जाऊ शकतो, म्हणून यूपीएस हवाच. यादीत तिसरी पिढी नसेल तर आय५-२४०० वर समाधान माना.

बहुतेकांना आय५-३४७० पुरतो: चार कोर (एकाच वेळी काम करणारे भाग), ७७ वॉट. सध्या आय३-२१०० असेल तर त्याला दोनच कोर असल्याने फरक लगेच जाणवतो. आय७-३७७० सुद्धा ७७ वॉटचाच, आठ थ्रेडचा, म्हणजे एकाच वेळी आठ कामं हाताळणारा. पण व्हिडिओ एडिटिंग नसेल तर जास्तीचे पैसे कशाला? आय७-२६०० ९५ वॉटचा आहे. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा कमी वॉटचा, म्हणजे कमी तापणाराच बरा. ‘के’वाल्या मॉडेलसाठी जादा मोजू नका, एच६१ वर ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) होत नाही. आय५-३३५०पी आणि झिऑन ई३-१२३० व्ही२ मध्ये ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच राहील.

सेकंड हँड घेताना प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावरचा नंबर स्वतः वाचा. मग उलटा करून मधले बारीक पार्ट तुटले नाहीत ना, ते पाहा.

बसवताना कूलरला लागलेली जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मध्यभागी वाटाण्याएवढी नवी लावा. कूलरच्या (प्रोसेसरवरच्या, खिडकीतल्या नव्हे) चार पिना तिरप्या जोडीने दाबा, प्रत्येकीचा ‘टक’ आवाज आला पाहिजे. चालू केल्यावर मिनिटभरात तापमान नव्वदीपार गेलं तर पेस्टला दोष देण्याआधी बोर्ड मागून बघा: एखादी पिन बहुधा अर्धवटच बाहेर आलेली असते.