मिस्ट फॅन चालू, तरी पाहुणे घामाघूम? या चुका टाळा

मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे लग्न म्हटलं की मंडपात मिस्ट फॅन (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे पंखे) येतातच. तक्रारीही ठरलेल्या: एक तर गारच वाटत नाही, नाहीतर अंगावर पाणी उडतं. बहुतेक वेळा पंखा ठीक असतो, मांडणी चुकलेली असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ऊन नको म्हणून मंडप चारही बाजूंनी पडद्यांनी बंद करणं. गारवा येतो तो पाण्याची वाफ होताना. एका लिटरमागे हवेतली सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता खेचली जाते. बंद मंडपात हवा दमट झाली की वाफ होणंच मंदावतं, मग उरतो तो नुसता चिकचिकाट. खिडक्या लावून कूलर चालवल्यावर होतं तेच. समोरासमोरच्या दोन बाजू तरी मोकळ्या ठेवा आणि वारा पंख्याच्या पाठीकडून येईल असं बघा.

मुंबई-कोकणात तर हा खर्च विचार करूनच करा. नागपूरकडच्यासारखं ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर वाफेमुळे हवा हिशेबाने २३ अंशांपर्यंत उतरू शकते (प्रत्यक्षात तेवढी उतरत नाही). मुंबईसारख्या ३४ अंश आणि ६५ टक्क्यांना ही मर्यादा २८ च्या वरच अडते. तिथे साधे मोठे पंखे बरे.

टाकीत बर्फाच्या लाद्या टाकणारेही भेटतात. एक किलो बर्फ वितळताना जेमतेम ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो. वाफेचा वरचा २,४०० चा आकडा बघा आणि बर्फ मठ्ठ्यासाठी ठेवा.

फवारा जाड पडतोय? आधी पाण्याचा नॉब कमी करा, मग फिल्टर धुवा, पंपाचा दाब बघा. तरीही थेंब गळत असतील तर नोझलमध्ये (फवाऱ्याच्या बारीक तोंडात) क्षार साचलेत. बोअरच्या पाण्याने हे हमखास होतं. नोझल काढून रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवा. पिन किंवा तार मात्र घालू नका. भोक मोठं झालं की बारीक धुकं कायमचं गेलं, नवीनच नोझल घ्यावं लागतं. फिरत्या चकतीवरून पाणी उडवणाऱ्या पंख्यात नोझल नसतं, पण चकतीवर क्षार चढले की तो थरथरतो.

पंखा खुर्च्यांच्या रांगेला चिकटून ठेवू नका. सात-आठ फूट उंचीवर, तोंड किंचित वर हवं, म्हणजे थेंब माणसापर्यंत पोचायच्या आत उडून जातात. होमाकडे आणि आहेराच्या टेबलाकडे तर त्याचं तोंड नकोच.

वीज आणि पाणी एकत्र आहे, तेव्हा अर्थिंग आणि ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसलेल्या बोर्डावर जोडणी करू देऊ नका. जमिनीवर पडलेले वायरचे जोड आधी उचलायला लावा. भाड्याचा पंखा आला की टाकीत डोकावून बघा. आधीच्या कार्याचं शिळं पाणी असेल तर ओतून द्या, टाकी घासून धुवा. साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढतात आणि तुषारांबरोबर थेट छातीत जातात.