फ्यूज पासथ्रू वापरताना या चुका टाळा

फ्यूज म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रामला (डेमनला) फाइल सिस्टीम चालवू देणारी लिनक्सची यंत्रणा. २०२४ साली लिनक्स ६.९ मध्ये फ्यूजला पासथ्रूची सोय मिळाली. डेमन खालची फाइल (खरा डेटा जिच्यात असतो ती, म्हणजेच बॅकिंग फाइल) उघडतो, एका आयऑक्टलने (डिव्हाइसला आज्ञा देणाऱ्या सिस्टीम कॉलने) ती कर्नलकडे नोंदवतो, कर्नल तिला एक क्रमांक देतो, आणि ओपनच्या उत्तरात तो क्रमांक व पासथ्रूचा फ्लॅग भरला की पुढचे वाचन-लेखन डेमनला न विचारता परस्पर खालच्या फाइलवर होते. एवढे सोपे दिसत असल्यामुळेच अनेक जण उदाहरणातल्या दहा ओळी उचलतात, एक 'कॅट' चालवून पाहतात आणि काम झाले असे जाहीर करतात.

सर्वांत जास्त वेळा पाहिलेली, आणि म्हणूनच माझ्या सर्वांत जास्त डोक्यात जाणारी चूक म्हणजे प्रत्येक ओपनला नवा क्रमांक घेणे. आम्ही एकदा लॉग साठवणारी एक फाइल सिस्टीम फ्यूजवर बांधली होती. चाचण्या हिरव्या होत्या, पण प्रत्यक्ष वापरात अधूनमधून 'इनपुट/आउटपुट एरर' येऊ लागली. हा एरर दिसला की सगळ्यांचा पहिला संशय डिस्कवर जातो, तसा तो गेला आणि चांगली धडधाकट डिस्क बदलण्यात आली. एरर तसाच राहिला. डेमनच्या लॉगमध्ये मात्र चूक म्हणून काही नव्हते. ओपनला यशस्वी उत्तर दिलेले होते, फक्त त्याच्या पाठोपाठ त्याच फाइलचा रिलीज (फाइल बंद झाल्याचा निरोप) आलेला होता, आणि त्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. शेवटी मी एका खिडकीत फाइल उघडी धरून ठेवणारे 'टेल -एफ' लावून ठेवले, दुसरीत त्याच फाइलवर 'कॅट' चालवले, आणि एरर पहिल्याच प्रयत्नात हाती लागला.

कारण असे की एका आयनोडला (कर्नलच्या लेखी एका फाइलला) एका वेळी एकच बॅकिंग फाइल जोडता येते. खाली फाइल तीच असली तरी दोन वेळा नोंदवली की कर्नलच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या नोंदी होतात, आणि पहिली नोंद वापरात असताना दुसरी पुढे करणे ही डेमनची चूक मानून तो ओपन करणाऱ्याच्या हाती ईआयओ (तोच 'इनपुट/आउटपुट एरर') ठेवतो. पासथ्रूने उघडलेली फाइल त्याच वेळी दुसऱ्या कोणाला नेहमीच्या कॅशमधून उघडून दिली तरी हेच घडते. खरे कारण कर्नल फक्त डीबग संदेशात लिहितो, त्यामुळे कर्नलच्या आयओमोड या स्रोत-फाइलसाठी डायनॅमिक डीबग (असे संदेश दाखवण्याची सोय) चालू केल्याशिवाय ते दिसत नाही.

वेगळे क्रमांक कशासाठी घेतले, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की वाचणाऱ्याला रीड-ओन्ली आणि लिहिणाऱ्याला लिहिता येणारा डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा आकडा) हवा ना. तसे नसते. नोंदवलेली फाइल कर्नल ओपन करणाऱ्याच्या फ्लॅगनुसार नव्याने उघडतो, आणि त्यासाठी नोंदणीच्या वेळचे डेमनचे अधिकार वापरतो; म्हणून एकच क्रमांक दोघांनाही पुरतो. (याचाच अर्थ असा की कोणाला फाइल द्यायची हे ओपनच्या वेळीच तपासायचे, नंतर ती संधी नाही.) माझी सवय अशी की डेमनच्या आयनोड तक्त्यात क्रमांक आणि उघड्या ओपनची संख्या हे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवायचे, पहिल्या ओपनला नोंदणी करायची, शेवटच्या रिलीजला ती मोडायची, आणि दोन्ही गोष्टी एकाच कुलपाखाली करायच्या. लिबफ्यूज या डेमन लिहिण्याच्या लायब्ररीतले मोठे पासथ्रू उदाहरणही हेच करते, पण लोक तेवढाच भाग गाळून उरलेला उचलतात.

आमच्या एका घाईच्या मित्राने मात्र वेगळा उपाय शोधला: क्रमांक एकदा घ्यायचा आणि कधीच सोडायचा नाही. ईआयओ थांबला आणि शाबासकीही मिळाली. पुढच्या महिन्यात खालची डिस्क अनमाउंट करायची वेळ आली, तर ती 'बिझी'. फाइल कोणी उघडी ठेवली ते दाखवणारे एलएसओएफ रिकामे, फ्यूजरही रिकामे. पुसलेल्या लॉगची जागाही सुटत नव्हती. डिस्कवरची व्यापलेली जागा सांगणारे डीएफ एक आकडा सांगे आणि फाइलींची बेरीज करणारे डीयू दुसरा. नोंदणीनंतर डेमनने स्वतःचा डिस्क्रिप्टर बंद केला होता, पण कर्नलने फाइल धरून ठेवली होती, आणि अशी धरलेली फाइल ना प्रक्रियेच्या यादीत दिसते, ना तिच्या उघड्या फाइलींच्या मर्यादेत मोजली जाते. फ्यूजचे कनेक्शन संपले की सगळ्या नोंदी सुटतात, त्यामुळे 'रिस्टार्ट केले की नीट चालते' हे आवडते उत्तर इथेही खरे ठरते आणि मूळ दुखणे तसेच राहते.

या अदृश्यपणामुळेच नोंदणीला सिस-अ‍ॅडमिन क्षमता (कर्नलमधला प्रशासकाचा अधिकार) लागते. ती नसेल तर ईपर्म ('परवानगी नाही' हा एरर) येतो, आणि कंटेनरच्या युजर नेमस्पेसमधला रूट इथे रूट धरला जात नाही. पण खरा रूट असूनही ईपर्म आला, तर डेमन सुरुवातीला कर्नलला देतो त्या इनिट उत्तराकडे पाहावे. राइटबॅक कॅश (लेखन आधी मेमरीत साठवणे) आणि पासथ्रू एकत्र मागितले, किंवा स्टॅकची (एकावर एक चढवलेल्या फाइल सिस्टीमची) कमाल खोली शून्य ठेवली, तर कर्नल काहीही न बोलता पासथ्रू बंद ठेवतो आणि पुढे नोंदणीला तोच ईपर्म देतो.

नोंदणीला ईलूप हा एरर आला तर खालची फाइल ओव्हरलेवर (दुसऱ्या फाइल सिस्टीमवर चढवलेल्या फाइल सिस्टीमवर) आहे का ते बघावे. खोली १ मागितली असेल तर बॅकिंग फाइल साध्या फाइल सिस्टीमवरच हवी. ओव्हरलेसाठी २ मागावी लागते, आणि २ हीच कर्नलची कमाल असल्यामुळे मग अशा फ्यूजवर पुन्हा ओव्हरले चढवता येत नाही. 'असू दे' म्हणून सरसकट २ लिहिणाऱ्यांना हे नंतर कळते.

नोंदणीचे स्ट्रक्चर शून्याने भरूनच वापरावे, कारण फ्लॅग किंवा पॅडिंगमध्ये कचरा राहिला तर ईइनव्हॅल ('चुकीचे मूल्य' हा एरर) ठरलेला.

डायरेक्ट आयओ (कॅश टाळून वाचन-लेखन) आणि पासथ्रू हे दोन्ही फ्लॅग एकत्र लावले तर वाचन-लेखन डेमनकडेच येते, हेही ध्यानात ठेवावे.

स्वतःचा असा इंटरफेस रचणारे काही जण विचारतात की मधला क्रमांक कशाला, ओपनच्या उत्तरातच डिस्क्रिप्टर का लिहू नये. डिस्क्रिप्टरचा आकडा लिहिणाऱ्या प्रक्रियेच्या संदर्भातच अर्थपूर्ण असतो, आणि उत्तर तर साध्या राइटने जाते. एखाद्या सेटयूआयडी (चालवणाऱ्याऐवजी मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या) प्रोग्रामचे आउटपुट त्या डिव्हाइसकडे वळवले तर त्याच्या अधिकाराने भलतीच फाइल नोंदवली जाऊ शकते. आयऑक्टल असे चुकून कोणाच्या हातून होत नाही.

आणि पासथ्रू लावूनही 'एलएस' हळूच का, ही तक्रार माझ्याकडे आणू नये. वाचन, लेखन, स्प्लाइस (डेटा थेट सरकवणे) आणि एममॅप (फाइल मेमरीत जोडणे) एवढेच परस्पर जाते. लुकअप (नावावरून फाइल शोधणे), गेटअ‍ॅटर (फाइलची माहिती विचारणे) आणि डिरेक्टरी वाचणे पूर्वीसारखेच डेमनकडे येते, आणि लाखभर छोट्या फाइलींच्या फोल्डरमध्ये वेळ तिथेच जातो.